परंपरेच्या चादरीवर तीन पाने

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जो जुगार खेळत नाही तो पुढल्या जन्मी गाढव होतो, असे आमच्या थाटीपुरात दर दिवाळीला ऐकू येते. सांगणारे हसत सांगतात, ऐकणारे हसत ऐकतात, आणि मग चादर अंथरली जाते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी शेजाऱ्यांकडून पुष्कळ चांगल्या गोष्टी घेतल्या. होळीची गुजिया घेतली, थंडीतली गजक घेतली, बोलण्यातला मोकळेपणा घेतला. त्याच टोपलीतून ही म्हणही घरात आली. आता ती इतकी मुरली आहे, की बैठकीत तीनपत्तीचा डाव मांडला गेला आणि कुणी नाक मुरडले, तर घरातलाच एखादा पेन्शनीला आलेला सुशिक्षित माणूस म्हणतो, "अहो, परंपरा आहे आपली!"

माझे भांडण आहे ते या एका शब्दाशी. पत्त्यांशी नाही. पत्ते आमच्याही घरात खेळले जातात. आजी 'इस्पिक' म्हणते आणि नातू 'हुकुम' म्हणतो, तिचे 'किलवर' त्याची 'चिडी' असते, आणि या दोन भाषांच्या भांडणात झब्बूचा डाव अधिकच रंगतो. परंतु पैशाचा जुगार परंपरा म्हणून देव्हाऱ्याशेजारी आणून बसवला जातो, तेव्हा त्याचे कूळ आणि मूळ विचारण्याचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला पोचतो. तो अधिकार मी येथे वापरणार आहे.

परमुलखात राहणाऱ्या माणसाला परंपरेची भूक अंमळ जास्तच असते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली, तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तेव्हापासून आम्ही येथे आहोत. बेळगाव-कारवारकडचे, विदर्भाच्या सीमेवरचे वाचकही ही भूक ओळखतील. भोवतालची भाषा वेगळी असली की आपण आकाशकंदील, अभ्यंगस्नान, किल्ला, दिवाळी अंक या साऱ्यांना घट्ट धरून ठेवतो. ही चांगली खोड आहे. पण हिचाच फायदा घेऊन कुणीही आपल्या मालावर 'परंपरा' अशी चिठ्ठी चिकटवली, तर आपण पुडी न उघडताच ती घरात घेतो. तेवढी पुडी आज उघडून पाहू.

प्रथम विरोधी पक्षाचे जे खरे आहे ते मान्य करतो. दिवाळीचा आणि द्यूताचा संबंध आहेच. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. त्या सकाळी खेळून वर्ष कसे जाईल याचा कौल घ्यावा, असे धर्मग्रंथांत आले आहे. पण नीट वाचा. खेळ फाशांचा, दिवस एक, वेळ सकाळची, हेतू कौल घेण्याचा. अमावास्येच्या रात्री दहा वाजता बसून पहाटे चारला उठणारी बैठक यात कुठे बसते? आणि परंपराच हवी असेल तर ती अर्धी का घ्यावी? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातले चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचा आक्रोश आहे. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, कुणी उसने देत नाही, असे तो रडतो. आणि फासे सोड, शेती कर, असा उपदेश त्याला मिळतो. महाभारतातल्या द्यूतसभेविषयी तर मराठी वाचकाला काही सांगायला नकोच. जुगाराच्या धोक्याची सूचना जुगाराइतकीच जुनी आहे. ती कुणी चादरीवर घेऊन बसत नाही.

आता पत्ते. हे फाशांचे भाऊबंद नव्हेत, फार नंतरचे पाहुणे आहेत. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचे बाबरनाम्यात नोंदले आहे. मोगली गंजिफाची आठ रंगांची ९६ पाने. आपल्या लोकांनी तिला स्वतःचे रूप दिले. दहा अवतारांचे दहा रंग केले, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने, अशी १२० गोल पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती रंगवली. ही कला मरणपंथाला लागली असता राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच तिला आसरा दिला. या खेळात कोणते पान पडून गेले हे लक्षात ठेवावे लागते. स्मरणशक्ती हेच भांडवल. पत्त्यांतली आपली म्हणावी अशी परंपरा ही. दिवाळीच्या रात्री तिचा संच किती घरांत निघतो, ते ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

मग तीनपत्ती कुठली? तिचे माहेर विलायतेत आहे. इंग्रजांमध्ये 'ब्रॅग' नावाचा खेळ होता. ब्रॅग म्हणजे बढाई मारणे. सोळाव्या शतकात युरोपात 'प्रिमेरो' नावाचा खेळ लोकप्रिय होता, त्याच्याच गोतावळ्यातला हा. पत्त्यांचे नियमशास्त्र लिहिणारा एडमंड हॉइल याने १७५१ साली ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका काढली. याच ब्रॅगचे तीन पानांचे रूप इंग्रजी अमलाबरोबर हिंदुस्थानात आले आणि 'फ्लश' म्हणून, पुढे तीनपत्ती म्हणून रुजले. पाने न पाहता खेळणाऱ्याने निम्मे पैसे टाकायचे, हा 'ब्लाइंड'चा नियमही तिकडचाच. थाटीपुराला लागून असलेले मुरार १८५८ पासून १८८६ पर्यंत गोऱ्या फौजेचे ठाणे होते. १८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले. ज्या खेळाला आम्ही वैदिक टिळा लावतो तो गुत्त्यात आणि बराकीत वाढलेला खेळ आहे.

परका म्हणून मी त्याला नाकारीत नाही. बटाटा परका, मिरची परकी, क्रिकेट परके. या साऱ्यांना आपण आपलेसे केले, पण बटाट्याची भाजी पांडवांनी खाल्ली असे कुणी सांगत नाही. तेवढाच प्रामाणिकपणा तीनपत्तीबाबत पाळावा, इतकेच मागणे आहे.

आता खेळाच्या पोटात शिरू. बावन्न पानांतून तीन पाने उचलण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांत एकसारखी तीन पाने, म्हणजे ट्रेल, ५२ वेळा. एकाच रंगाची लागोपाठ तीन, म्हणजे प्युअर सीक्वेन्स, ४८ वेळा. साधी सीक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेली १६,४४० पाने निव्वळ रद्दी. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन डाव हाती काहीही नसताना खेळले जातात. आणखी एक गंमत पाहा. प्युअर सीक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे, तरी आपण ट्रेलला वर बसवतो. वर्षानुवर्षे दिवाळीत हा खेळ खेळणाऱ्यांपैकी एकाने जरी पाटीवर हिशेब मांडला असता तरी ही चूक दिसली असती. ज्या खेळात मोजदादीला काही किंमत नाही, तिथे किंमत कशाला असते? समोरच्याच्या चेहऱ्याला, आणि खरे म्हणजे त्याच्या खिशाला. ज्याच्याकडे पैसा जास्त तो चाल वाढवीत जातो. ज्याच्याकडे कमी तो चांगली पाने घेऊनसुद्धा 'पॅक' म्हणतो.

"दहा-वीस रुपयांनी काय होते हो?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर शाळेतल्या गणितात आहे. मर्यादा ठरलेली नसेल तर प्रत्येकाला मागच्या चालीच्या दुप्पट टाकता येते. दोघे हट्टाला पेटले आणि दहा रुपयांपासून दुपटीने चढत गेले, तर दहावी चाल ५,१२० रुपयांची होते आणि मधोमध १०,२३० रुपये जमतात. या साऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. दहा रुपयांवर सुरू झालेला डाव दहा रुपयांवरच थांबेल असा कोणताही नियम या खेळात नाही. उलट तो थांबू नये अशीच त्याची घडण आहे. दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटावर नवरा-बायको एकमेकांशी का बोलत नाहीत, हे मुलांना कुणी सांगत नाही. त्यांना ते बरोबर कळते.

न्यायालयानेही या खेळाची भीड ठेवलेली नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. त्याच निकालपत्रात फ्लश, ब्रॅग वगैरे नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ केवळ नशिबाचा आहे, असे स्पष्ट म्हटले. 'आमच्या तीनपत्तीत डोके लागते' असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. डोके लागत असेल, पण ते दुसऱ्याला फसवायला लागते.

येथवरचे भांडण घरातले होते. घरात निदान एक गोष्ट बरी असते. काकांचे गेलेले पैसे पुतण्याकडे येतात, चादरीवरचा पैसा चादरीवरच फिरतो. पण हाच खेळ घरातून उठून कॅसिनोत जाऊन बसला, तेव्हा त्याचे काय झाले ते समजून घेतले पाहिजे, कारण खरा धोका तिथे आहे.

१९९४ साली डेरेक वेब या इंग्रज पत्तेबाजाने ब्रॅगवरून 'थ्री कार्ड पोकर' हा कॅसिनोचा खेळ बनवला. पुढे तो जगभर पसरला. त्याने मोठा बदल केला तो हा, की खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळेनासे झाले. प्रत्येकजण एकटा कॅसिनोविरुद्ध खेळू लागला. बढाई गेली, चेहरा वाचणे गेले, आणि उरले ते गणित. यातला 'पेअर प्लस' हा डाव घ्या. जोडी किंवा त्याहून वरचे काही आले तर पैसे मिळतात, नाहीतर लावलेले जातात. जोडीला एकास एक, कलरला एकास चार, सीक्वेन्सला सहा, ट्रेलला तीस, प्युअर सीक्वेन्सला चाळीस, असा मूळचा दर होता. (ट्रेलपेक्षा प्युअर सीक्वेन्स दुर्मिळ, हे कॅसिनोने बरोबर मोजले होते!) सगळे २२,१०० प्रकार एकेकदा आले आणि प्रत्येक वेळी शंभर रुपये लावले असे धरा. हिशेबाअंती खेळणाऱ्याचे ५१,२०० रुपये जातात, म्हणजे शंभरामागे सुमारे सव्वादोन रुपये. मग अनेक कॅसिनोंनी कलरचा दर चारावरून तीनवर आणला. पाने तीच, टेबल तेच, खेळ तोच. फक्त एक आकडा बदलला. आता त्याच २२,१०० डावांत १,६०,८०० रुपये जातात, म्हणजे शंभरामागे सव्वासात. तोटा तिपटीहून अधिक झाला आणि टेबलावर बसलेल्याला त्याचा पत्ताही नाही.

आमच्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला 'नाल' म्हणतात. नाल काढणाऱ्यावर पोलीस छापा घालतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. कॅसिनोची नाल आकड्यांत मुरवलेली असते, म्हणून ती दिसत नाही, आणि तिथे छाप्याऐवजी स्वागताचे पेय मिळते. याच डेरेक वेबने पुढे इंग्लंडमधल्या सट्ट्याच्या यंत्रांविरुद्धच्या मोहिमेला स्वतःचा पैसा दिला, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. तिथे त्या यंत्रांवर एका वेळी लावता येणारी रक्कम एप्रिल २०१९ पासून शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आली. ज्याने जुगाराचे टेबल आतून पाहिले, त्यालाच लगाम लावावासा वाटला.

आता सीमेवरच्या वाचकांशी थोडे खासगी बोलतो. बेळगाव, चंदगड, सावंतवाडी येथून पणजी काही तासांच्या वाटेवर आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्याला १९९२ साली भोक पाडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली गेली. १९९६ साली ते भोक मोठे करून किनाऱ्याबाहेरच्या जहाजांवर टेबलांच्या जुगाराला वाट दिली. ती 'किनाऱ्याबाहेरची' जहाजे पणजीसमोर मांडवी नदीत उभी आहेत. रात्री त्यांची रोषणाई पाहिली की रोज दिवाळी असल्याचा भास होतो. पण १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने आपल्याच गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. याचा अर्थ नीट मनात उतरू द्या. ज्या सरकारला कॅसिनोचा महसूल मिळतो, त्याच सरकारला आपली मुले तिथे जायला नको आहेत. तुमची-आमची चालतात! शेजारच्या घरात शिजलेले पक्वान्न त्या घरातली माणसे तोंडात घालीत नाहीत आणि आपल्याला मात्र आग्रहाने वाढतात, तर शहाण्या माणसाने पानावरून उठावे की नाही?

महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. ऑनलाइन जुगारावर तर केंद्रानेच कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यात निषिद्ध ठरला आहे. परंतु नदीतल्या जहाजांना तो कायदा लागू नाही. कॅसिनोवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, म्हणून कुणी म्हणेल की सरकार त्यांना चांगलेच पिळते आहे. पण कर भरला म्हणून माल गुणकारी होत नाही. कर जितका जड, तितकी सरकारचीच कबुली ठळक.

शेवटचा आक्षेप उरतो. सज्ञान माणसाने आपल्या कमाईचे काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. सज्ञान माणसाने हिशेब समजून, स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे. मी त्याच्या दाराशी उभा राहणार नाही. पण मग त्याने 'मला खेळावेसे वाटते' असे सरळ म्हणावे. त्यात बाप्यासारखा प्रामाणिकपणा तरी आहे. शंकर-पार्वतीला साक्षीला बोलावू नये, आजोबांचे नाव घेऊ नये, आणि लक्ष्मीच्या तसबिरीसमोर बसून दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाती 'शकुनाची' पहिली चाल देऊ नये. ज्या पोराला घरात हा शकुन शिकवला, त्याला पुढे जहाजाची पायरी चढताना अडवायचे कोणत्या तोंडाने? त्याच्या दृष्टीने तो परंपराच पाळत असतो.

तेव्हा यंदा पत्ते अवश्य काढा. पाच-तीन-दोन खेळा, मेंढीकोट खेळा, बदामसातला आजीला बसवा, आणि इस्पिक-हुकुमाचे भांडण रंगू द्या. तीनपत्तीच खेळायची तर चिंचोक्यांवर खेळा. बूट एका चिंचोक्याचा ठेवा आणि दुपटीचा नियम तसाच चालू द्या. दहाव्या चालीला मुलांना चिंचोके मोजायला लावा. ५१२ चिंचोके आणायला पोर स्वयंपाकघरात धावेल आणि बरणी रिकामी करूनही ते भरणार नाहीत, तेव्हा त्याला या खेळाबद्दल जे कळायचे ते कळेल. नंतर पाटी घेऊन बसा आणि २२,१०० चा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्या.